निकाल लागून गेलेला आहे

चि. डॉक्टर हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन चार दिवस झाले. पहिल्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो, पण जे उतरले त्यात शाबासकी फार होती, आणि तुला शाबासकी नको आहे हे तुझ्या दुसऱ्याच परिच्छेदावरून कळत होते, म्हणून तो कागद फाडून टाकला. जीव वाचवणे चांगले असते हे तुला मी सांगावे, इतकी तू लहान नाहीस. तुझ्या तुरुंगातल्या बराकीच्या गजाला चादरीची पट्टी बांधून लटकलेल्या शिक्षाबंदीला तू खाली उतरवून घेतलेस, छातीवर दाब देत राहिलीस, त्याची एक बरगडी तुझ्या तळहाताखाली कडकन मोडली, आणि त्याच क्षणी तुझ्या मनात आले की मोडू दे, याने दोन माणसे मारली आहेत. तो जगला. तिसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात त्याने तुलाच विचारले, ‘कशाला वाचवलंत?’ तुझ्यापाशी उत्तर नव्हते. सहकारी म्हणाले की एवढी धडपड करण्याच्या लायकीचा माणूस नव्हता तो. आता तुला वाटते आहे की तुझा हात एकीकडे होता आणि मन दुसरीकडे, आणि या दोहोंपैकी खरी तू कोणती हे तुलाच कळेनासे झाले आहे.

हाताला खरी धर. मन काय, ते दिवसातून दहा वेळा फिरते. दाब मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने पडत होते का, छाती पाच-सहा सेंटीमीटर खाली जात होती का, हे मी तुला विचारीन; मनात काय आले ते विचारणार नाही. पुरेशा खोल दाबाने बरगडी मोडते, ती तुझ्या द्वेषाने मोडलेली नाही. आणि हो, गाठ न सोडता पट्टी दुसरीकडे कापलीस, हे वाचून मला खरोखर बरे वाटले. घाईत हे भल्याभल्यांना सुचत नाही आणि मग चौकशीच्या वेळी गाठीचा पुरावाच उरत नाही.

आता मुद्द्याचे. निकाल लागून गेलेला आहे. हे वाक्य मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतक्यांदा उच्चारले आहे की माझे कंपाउंडर त्यावर हसत असत, आणि तरीही मी ते तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कोणीतरी पुरावा पाहिला, साक्षी नोंदवल्या, उलटतपासणी ऐकली, अपील फेटाळले आणि शिक्षा कायम केली. त्या निकालपत्रात जन्मठेप लिहिलेली असेल. पण या माणसाच्या छातीत कळ आली तर डॉक्टरने सावकाश यावे, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. जे लिहिलेले नाही ते आपण आपल्या हाताने त्यात भरू लागलो, तर आपण डॉक्टर राहत नाही, बिनपगारी आणि बिनपुराव्याचे न्यायाधीश होतो. म्हणून मी एक पथ्य पाळत असे: समोर बंदी आला की कलम विचारायचे नाही. औषधांची ॲलर्जी विचारायची, जुने आजार विचारायचे, पूर्वी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला होता का ते विचारायचे. त्याच्यापासून मला धोका आहे की नाही हे पाहणे पहाऱ्यावरच्या शिपायाचे काम, आणि ते तो माझ्याहून चांगले करतो. तुझी चूक शोधायचीच असेल तर ती इथे शोध. बराकीकडे धावताना शिपायाने तुला त्याचा गुन्हा सांगितला आणि तू तो ऐकून घेतलास.

कायद्यानेही हे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले की रुग्ण निरपराध असो वा शिक्षेस पात्र गुन्हेगार, त्याचा जीव राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम आहेत, त्यांतला चोविसावा नियम म्हणतो की समाजात जी आरोग्यसेवा मिळते त्याच दर्जाची सेवा बंद्याला मिळाली पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एस्टेल विरुद्ध गँबल या खटल्यात ठरवले की बंद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून काणाडोळा करणे म्हणजे क्रूर शिक्षाच होय. यातली विसंगती अशी की ज्या बंद्याच्या तक्रारीवरून हे तत्त्व ठरले, अंगावर कापसाचा गठ्ठा पडून ज्याची पाठ दुखावली होती, त्याला स्वतःला त्या डॉक्टरविरुद्ध दाद मिळाली नाही, कारण न्यायालयाच्या मते निव्वळ हयगय आणि जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याला असा फरक करावाच लागतो, हे मला मान्य आहे. पण हयगय कुठे संपली आणि दुर्लक्ष कुठे सुरू झाले, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. ज्याचे त्यालाच माहीत असते.

हे मी कशावरून म्हणतो, ते तुला कधी सांगितलेले नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी रात्री दाराची कडी वाजली. एका शिक्षाबंदीला छातीत दुखत होते, घाम फुटला होता. निरोप घेऊन आलेल्या शिपायाने, मी काही न विचारता, त्याने एका लहान मुलाचे काय केले होते ते सांगितले. माझी थोरली तेव्हा त्याच वयाची होती आणि आत झोपलेली होती. मी नकार दिला नाही. तोंडातून एक वाईट शब्द काढला नाही. मी फक्त तोंड धुतले, शर्ट बदलला, बूट घातले, नाडी बांधली, ती मला सैल वाटली, म्हणून सोडून पुन्हा बांधली. दुसऱ्या बुटाचीही तशीच. त्या नाड्यांची टोके उसवलेली होती आणि त्यातले एक भोकातून जाता जाईना, हे मला आजही दिसते. मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता. अहवालात मी लिहिले: ‘निरोप मिळताच तत्काळ हजर झालो.’ चौकशी झाली, अहवाल मान्य झाला, कोणी मला एक प्रश्नही विचारला नाही.

तो तसाही वाचला नसता. ही गोष्ट मी पुष्कळ वेळा ताडून पाहिली आहे. त्या तुरुंगात तेव्हा हृदयाला विजेचा झटका देण्याचे यंत्र नव्हते, मोठे रुग्णालय लांब होते, आणि शवविच्छेदनात हृदयाची मुख्य धमनी बंद झालेली आढळली होती. शिवाय माणसाने रात्री बूट घालूनच बाहेर पडायचे असते. शिवाय त्या महिन्यात मी एकट्याने दोघांची ड्यूटी करत होतो. पाहिलेस ना, विचारलेले नसतानाही मी बचाव मांडत सुटलो. इतक्या वर्षांनी हा बचाव माझ्याकडे तयार आहे आणि ऐकायला कोणीच मागत नाही. कलम न विचारण्याचे माझे ते पथ्य त्या रात्रीनंतरचे आहे. तुम्हा मुलांना ते माझ्या थोर स्वभावातून आले असे वाटत असे आणि मी तुम्हाला तसे वाटू दिले.

म्हणून तुला सांगतो, मधल्या वाटेने येणाऱ्या युक्तिवादांना थारा देऊ नकोस. पहिला युक्तिवाद सभ्य माणसे करतात: न जाणो, तो निर्दोष असला तर? ही शंका खोटी नाही. अमेरिकेत पूर्वी फाशीची शिक्षा सुनावली गेलेला एक माणूस १९९३ मध्ये डीएनए तपासणीमुळे निर्दोष सुटला होता. पण हा आधार तू घेऊ नयेस असे माझे म्हणणे आहे, कारण मग ज्याच्या गुन्ह्याबद्दल काडीचीही शंका नाही त्याच्याजवळ पोचताना तुझी पावले जड होतील. तो दोषी आहे असेच धरून चाल. दुसरा युक्तिवाद तुझ्या सहकाऱ्यांपैकी एकाने केलाच आहे: बरे झाले वाचला, आता सडेल जन्मभर. हे ऐकून तुला हायसे वाटले असे तू लिहितेस, आणि तिथे मला तुझा राग आला. सडावे म्हणून वाचवणे आणि मरावे म्हणून उशीर करणे, ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. दोन्ही ठिकाणी डॉक्टर शिक्षा मोजत बसलेला असतो. निकाल लागून गेलेला आहे, मुली. तो कडक वाटला तरी आणि सौम्य वाटला तरी.

मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांचे काय, हा तुझ्या पत्रातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे, आणि तो मी टाळणार नाही. त्यांना संताप येईल, त्यांचा संताप योग्यच असेल, आणि त्यांना समजावायला तू जाऊ नकोस. मात्र एक घोळ तुझ्या मनात झालेला दिसतो. जीव वाचवला म्हणजे आपण त्याला माफ केले, असे तुला वाटते आहे. माफ करणारी तू कोण? तो हक्क त्या घरच्यांचा आहे, त्यांनी तो कधीच वापरला नाही तरी त्यांचाच आहे, आणि तू त्याला हातही लावलेला नाहीस. तू एका बंद पडलेल्या हृदयाला चालू केलेस. त्यांच्या दुःखातून एक कणही तू कोणाला देऊन टाकलेला नाहीस.

राहिला त्याचा प्रश्न, कशाला वाचवलंत. इथे माझा हट्ट थोडा नरम होतो. बेशुद्ध माणसाला विचारता येत नाही, आणि मेंदूला प्राणवायू न मिळता चार-सहा मिनिटे गेली की विचारण्यासारखे फारसे उरत नाही, म्हणून त्या रात्री तुझ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. पण उद्या तो शुद्धीवर असताना, नीट विचार करून, औषध किंवा अन्न नाकारू लागला तर ती गोष्ट निराळी. जागतिक वैद्यक संघटनेने १९७५ च्या टोकियो जाहीरनाम्यात आणि पुढे १९९१ च्या माल्टा जाहीरनाम्यात म्हटले आहे की समजून-उमजून अन्न नाकारणाऱ्या बंद्याला बळजबरीने भरवू नये. त्याची निर्णयक्षमता शाबूत आहे याची खात्री मात्र आणखी एका स्वतंत्र डॉक्टरकडून करून घ्यावी. तेव्हा तो नाकारतो म्हणून चिडू नकोस, आणि नाकारतो म्हणून सुटलो असेही मानू नकोस.

मृत्युदंडाच्या बंद्याचे काय करायचे, हे तू ओझरते विचारले आहेस. डिसेंबर १९९९ मध्ये टेक्सासमधल्या एका बंद्याने ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी गोळ्यांचा मोठा डोस घेतला. त्याला अतिदक्षता विभागात ठेवून वाचवण्यात आले आणि मग वैद्यकीय पथक सोबत देऊन विमानाने मृत्युदंडाच्या जागी नेण्यात आले. त्याच दिवशी शिक्षा अमलात आली. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर एक विषबाधा झालेला माणूस होता. विमानात बसलेल्यांच्या जागी मी असतो तर काय केले असते, यावर मी अनेक रात्री घालवल्या आहेत, आणि बहुधा मी उतरलो असतो असे मला वाटते. नाडी दोनदा बांधणाऱ्या माणसाच्या या वाटण्यावर तू किती विसंबायचे ते तू ठरव.

आता त्याच्याकडे परत जा. आवाज तिसऱ्या दिवशीही घोगरा आहे, तेव्हा स्वरयंत्राची तपासणी करून घे. मानेतल्या धमनीला आतून इजा झाली असेल तर तिचे परिणाम उशिरा दिसतात, म्हणून एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडतो का यावर लक्ष ठेवायला सांग. त्याला रिकाम्या कोठडीत एकटा टाकून ‘देखरेख’ असा शेरा मारतील, ते होऊ देऊ नकोस. त्याच्याशी रोज कोणीतरी बोलायला हवे, आणि मानसोपचारतज्ज्ञ येईपर्यंत ते कोणीतरी तूच आहेस. तुझा अहवाल अजून गेला नसेल तर त्यात निरोप किती वाजता मिळाला, तू किती वाजता पोचलीस आणि पहिला दाब किती वाजता दिलास, हे आकड्यांत लिही. ‘तत्काळ’ हा शब्द लिहू नकोस.

तुझा,
सर