आठवीतल्या मुलीला कथेचे घटक कसे समजावून सांगावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलीला कथानक, पात्रचित्रण, संघर्ष, वातावरण, निवेदक यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण समोर कथा ठेवली की त्यातलं काहीच तिला ओळखता येत नाही. मी ठाण्यात घरी मराठीच्या शिकवण्या घेते आणि दर वर्षी कुणा ना कुणाची हीच अडचण असते. अशा वेळी मी व्याख्या बाजूला ठेवते आणि माझ्या आठवीतली एक गोष्ट सांगते. तीच तुम्हाला सांगते.

१९९७ साल, नौपाड्यातली शाळा. भूमितीच्या तासाला माझं कर्कटक मोडलं. शेजारच्या रांगेतल्या एका मुलाने काही न बोलता स्वतःचं माझ्याकडे सरकवलं. त्यात बोटभर उरलेली पेन्सिल दोऱ्याने घट्ट बांधली होती. तास संपला तरी मी ते परत केलं नाही, तो मागायला येईल म्हणून. दुसऱ्या दिवशीही केलं नाही. तो आला नाही. तो डब्याचं झाकण ठेवून वर्तुळं काढायला लागला. मी रोज कंपासपेटी उघडून ते आहे ना बघायचे आणि पेटी बंद करायचे. सहामाहीच्या आधी बाईंनी वह्या तपासल्या. त्याच्या वहीतली सगळी वर्तुळं एकाच मापाची. “कर्कटक कुठंय तुझं?” तो म्हणाला, “हरवलं, बाई.” त्याला वर्गाबाहेर उभं केलं. माझा हात कंपासपेटीवर होता. मी उठले नाही. मग दिवाळीची सुट्टी लागली, आणि सुट्टीनंतर त्याची जागा रिकामी. घरचे सगळे नवी मुंबईतल्या ऐरोलीला राहायला गेले होते.

गोष्ट एवढीच. मुलं विचारतात, “तुम्हाला तो आवडायचा ना?” मी म्हणते, मी तसं कुठे सांगितलं? मग ती शोधायला लागतात: परत केलं नाही, रोज पेटी उघडून बघायचात, उठला नाहीत. भावना नाव न घेता कशी कळते, हे त्यांना इथे आपलं आपण सापडतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात याची फार बारीक मांडणी आहे. मनातलं शरीरावर कसं उमटतं त्याचे आठ सात्त्विक भाव त्यात दिलेत, आणि त्यातला पहिला आहे स्तंभ, म्हणजे जागीच खिळून जाणं. कंपासपेटीवरचा तो हात म्हणजे स्तंभ. हा शब्द मला खूप उशिरा भेटला, आणि वाचल्याबरोबर तो वर्ग डोळ्यांपुढे आला.

कथानकासाठी फार वेळ घालवू नका. त्याने कर्कटक दिलं, नंतर त्याला शिक्षा झाली, या दोन घटना. मी परत केलं नाही म्हणून शिक्षा झाली, हे कथानक. सगळी गंमत त्या ‘म्हणून’मध्ये आहे. संघर्षही तसाच दाखवता येतो. इथे कुणी कुणाशी भांडत नाही, ओढाताण आहे ती परत द्यावं की ठेवावं याची, एकाच मुलीच्या मनात. कथेचा चढ, कळस आणि उतार दाखवायला फळ्यावर काढतात तो डोंगरासारखा आलेख मूळचा गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाचा, १८६३ सालचा, आणि तो पाच अंकी नाटकांवरून बेतलेला होता. म्हणून त्यात प्रत्येक कथा कोंबू नये. आमच्या गोष्टीचा उत्कर्षबिंदू म्हणजे एक मुलगी बाकावरून उठत नाही, बस.

स्थळकाळावर, म्हणजे व्याख्येतल्या वातावरणावर, मात्र थांबा. मुलं उत्तरपत्रिकेत ‘ठाणे, शाळा’ असं लिहून मोकळी होतात, जणू तो मागे लावलेला पडदा आहे. मी त्यांना म्हणते, हीच गोष्ट २००५ साली घडवून बघा. १९९७ मध्ये ठाण्याहून ऐरोलीला जायला लोकल नव्हती. बस पकडायची, कळवा, विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्ता. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं की तेही बंद. आठवीतल्या मुलीला एकटीला कोण सोडणार? माझ्यासाठी ऐरोली परगावच होती. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि ऐरोली तेव्हा ठाण्यानंतरचं पहिलं स्टेशन झालं, दहाएक मिनिटांवर. मग माझ्याकडे सबब उरत नाही. कर्कटक नेऊन देता आलं असतं, आणि तरीही दिलं नाही तर ती मुलगीच वेगळी ठरते. एक साल बदललं तर शेवट हलला, पात्रही हललं.

प्रतीकाबद्दल एक कळकळीची विनंती. गुलाब म्हणजे प्रेम, दिवा म्हणजे आशा, अशा जोड्या पाठ करून घेऊ नका. कर्कटकाला स्वतःचा असा काही अर्थ नाही. पहिल्या दिवशी ती फक्त वस्तू होती. ‘हरवलं, बाई’ हे शब्द आले आणि त्या क्षणी पेटीतली वस्तू बदलली. अर्थ कथेने त्यात भरला. आशयही ‘प्रेम’ असा एका शब्दात लिहिला तर हाती काहीच लागत नाही. ‘आवडतं माणूस जवळ राहावं म्हणून त्याचंच नुकसान होऊ देणं’ असं पूर्ण वाक्य लिहायला लावा, मग मुलं विचार करतात.

आणि निवेदक. हा घटक व्याख्येत सगळ्यात सोपा आणि कथेत सगळ्यात खोल. ही गोष्ट मी सांगतेय, म्हणून तुम्हाला तो मुलगा उदार वाटला. माझ्यासाठी खोटं बोलला, शिक्षा सोसली, असं मीही कित्येक वर्षं मानत आले. एकदा शिकवणीतली एक मुलगी म्हणाली, “पण बाई, त्याच्या लक्षातच नसेल तर? आपण कुणाला दिलं ते विसरला असेल तर?” मी गप्प झाले. मग ‘हरवलं’ हे खोटं नाही, साधं खरं आहे. त्याचा उदारपणा फक्त माझ्या सांगण्यात आहे, आणि मी जिला प्रेमाची गोष्ट समजत होते ती कदाचित फक्त माझीच आहे. वर्गात घडलेलं काहीच बदललं नाही, फक्त सांगणाऱ्यावरचा विश्वास हलला, आणि पात्र, प्रतीक, आशय सगळं एकदम सरकलं. म्हणूनच मी हे घटक वेगवेगळ्या रकान्यांत लिहून घेत नाही.

तुमच्या मुलीला ही गोष्ट वाचून दाखवा, किंवा तुमच्या शाळेतली एखादी सांगा, तिला ती जास्त आवडेल. मग माझ्या गोष्टीतल्या त्या मुलाच्या बाजूने दहा ओळी लिहायला सांगा, सुरुवात ‘हरवलं, बाई’ याच शब्दांनी. दोन-तीन ओळींनंतर ती पेन थांबवून तुम्हाला विचारेल, “त्याला माहीत होतं का, कर्कटक कुणाकडे आहे ते?” त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका.