गॅरेजच्या जुन्या जागेवर घर बांधायचंय, तिथली माती किती खोलपर्यंत काढावी?

तुम्ही लिहिलंय की प्लॉटवर तीसेक वर्षं गॅरेज होतं, जमीन काळी आहे, मागे विहीर आहे आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, "वरची दोन फूट माती काढून मुरूम टाकू, विषय संपला." कृपया एवढ्यात जेसीबी बोलावू नका. किती खोल जायचं हे फुटात आधी ठरत नाही, ते नमुने ठरवतात.

मी मातीचे नमुने घेण्याचंच काम करतो. सोलापूरकडच्या एका बंद गॅरेजात आम्ही गाडीखाली उतरायच्या पिटभोवती पाच फूट खोदलं होतं. तळाला वास नाही, डाग नाही. पण जळकं ऑइल काळं आणि माती काळी, डोळ्यांना काय कळणार? बाजूच्या भिंतीतून पडलेलं एक ढेकूळ हातात घेऊन फोडलं. आतून कोरडं ठणठणीत, पण एका अंगाला चकचकीत पापुद्रा, आणि ग्लोव्हजवर तपकिरी डाग उमटला. ती जुनी भेग होती. काळी जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते, सांडलेलं ऑइल त्या वाटेनं खाली आणि आडवं जातं, पाऊस पडला की भेगा मिटतात आणि ऑइल आतच राहतं. त्या भेगेमागे जात आम्ही आणखी चार फूट आडवे गेलो, तेव्हा वॉशिंग रॅम्पची फुटकी मोरी सापडली.

म्हणून आधी जुन्या मेकॅनिकला गाठा. पिट कुठे होता, ऑइलचे बॅरल कुठे असायचे, पार्ट रॉकेलनं कुठे धुवायचे, बॅटऱ्या कुठे चार्ज व्हायच्या, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. नमुने तिथूनच घ्यायचे. शिवाय जिथे गाडी कधी लागलीच नाही अशा कोपऱ्यातला एक नमुना हवाच. आपली माती बेसॉल्टची, म्हणजे काळ्या कातळापासून झालेली, तिच्यात तांबं, क्रोमियम मुळातच जास्त असतं. तुलनेला काही नसेल तर रिपोर्ट बघून उगाच घाबराल. शिसं मात्र बेसॉल्टमध्ये फार नसतं. ते जास्त निघालं तर बॅटऱ्या किंवा जुनं पेट्रोल आठवा, आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं.

चार ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना द्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सरासरीत वाईट जागा लपते. काचेची बरणी काठोकाठ भरायची, झाकण घट्ट, लगेच बर्फाच्या पेटीत. अर्धी भरलेली बरणी उन्हात राहिली तर पेट्रोलचा अंश उडून जातो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, बेंझीन-टोल्युइनचा गट, पीएएच (जळक्या ऑइलमधली घातक संयुगं), शिसं आणि कॅडमियम तपासायला सांगा. माती नाकाशी धरून वास घेऊ नका, बेंझीननं कर्करोग होतो.

खोदाई पावसाळ्याआधी उरका. काढलेली माती जाड प्लास्टिकवर टाका आणि वरूनही झाका. दहा बाय बारा फुटांचा पाच फूट खोल खड्डा म्हणजे सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), पण मोकळी झाली की माती फुगते, साडेसात ब्रासच्या हिशेबानं गाड्या सांगा. चार-पाच फुटांच्या खाली माणूस उतरवू नका, काळ्या मातीची भिंत न सांगता बसते. नमुना जेसीबीच्या बकेटच्या मधून घ्या. तळातून आणि चारही भिंतींतून घेतलेले नमुने स्वच्छ येईपर्यंत खड्डा उघडा ठेवा, भोवती कुंपण करा.

ही माती भरावासाठी कुणाला देऊ नका, अगदी फुकट मागितली तरी. दुसऱ्याच्या अंगणात तेच दुखणं जाईल. वापरलेलं ऑइल आणि तेलकट गाळ 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. मातीचं काय करायचं हे रिपोर्ट दाखवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. घातक ठरली तर ती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात, मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदीच्या कागदासह) जायला हवी.

विहिरीवर तवंग दिसतो म्हणालात, त्याची आजच एक परीक्षा करा. काडीनं ढवळा. तुकडे होऊन ते तसेच सुटे राहिले तर बहुधा लोहाच्या जिवाणूंचा थर आहे. फिरून पुन्हा एकत्र आला तर तेल आहे. कसंही असलं तरी पाणी तपासून घ्या: पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, खनिज तेलाची 0.5. रिपोर्ट हातात येईपर्यंत ते पाणी स्वयंपाकाला आणि मुलांना देऊ नका.