रायफलचे आठ लाख आणि पॉलिसीचा तिसरा हप्ता

कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ६१, भोसरीतल्या कंपनीतून दोनेक वर्षांपूर्वी रिटायर झालेत. मूळ गाव जुन्नर तालुक्यात, तिथे शेतीच्या राखणीसाठी वडिलांकडे लायसनची रायफल होती. वडील ३ वर्षांपूर्वी गेले, गावचं घर बंद करताना रायफल पुण्याला आणली, सध्या फ्लॅटच्या माळ्यावर आहे. वडील म्हणायचे ही महायुद्धातली ली-एनफील्ड, म्हणजे ब्रिटिश लष्कराची रायफल. मुलाने अमेरिकेतल्या एका साइटवर अगदी तशीच रायफल साडेनऊ हजार डॉलरला बघितली, म्हणजे ८ लाख. ग्रुपवर कुणीतरी सांगितलं की अँटिकला लायसन लागत नाही. प्रश्न एकच: "योग्य बाजारभाव किती धरावा? त्यातून पॉलिसीचे पुढचे दोन हप्ते भरायचे आहेत."

भावाआधी माळ्याचं बोलू. लायसन वडिलांच्या नावावर होतं, ते गेले, तुमच्या नावावर काही झालं नाही, म्हणजे आज तुमच्या घरात विनापरवाना रायफल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला २ ते ५ वर्षं शिक्षा आणि वर दंड आहे. अँटिकची जी सवलत सांगतात ती शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली, आणि ती फक्त अशा जुन्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही. तुमची रायफल चालू स्थितीत आहे असं तुम्हीच अभिमानाने लिहिलंय. तेव्हा या आठवड्यात शस्त्र लायसनची कामं करणारा वकील गाठा, वडिलांचं लायसन, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद घेऊन जा, आणि त्याच्यामार्फत रायफल पोलीस स्टेशनला किंवा लायसनधारक डीलरकडे जमा करा. स्वतः पिशवीत घालून कुठेही नेऊ नका. ठेवायची असेल तर २०१६ च्या नियमांत वारसाला लायसन मागता येतं, ग्रामीणला कलेक्टर ऑफिस आणि पुणे शहरात पोलीस आयुक्तालय, तुमची केस कुठे जाते ते वकील सांगेल. पण जमा करणं आधी.

आता भाव. तुम्ही पाठवलेल्या लायसनच्या झेरॉक्सवर .३१५ बोअर (नळीचं आतलं माप) लिहिलंय आणि फोटोत आर.एफ.आय. असा शिक्का स्पष्ट दिसतोय. आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, कोलकात्याजवळची. या फॅक्टरीने लष्करासाठी वर्षानुवर्षं .३०३ ली-एनफील्ड बनवल्या, आणि .३०३ हे लष्कराचं बोअर असल्यामुळे सामान्य माणसाला देता येत नव्हतं म्हणून त्याच ॲक्शनवर (गोळी भरण्या-उडवण्याच्या यंत्रणेवर) .३१५ ची, म्हणजे ८ मिलिमीटरची, नागरी रायफल काढली. बोल्ट तोच, ठेवण तीच, त्यामुळे बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. वडिलांनी तुम्हाला खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही, त्यांना विकणाऱ्याने जे सांगितलं तेच त्यांनी पुढे सांगितलं असणार. पण ही महायुद्ध बघितलेली रायफल नाही, आणि संग्राहक पैसे मोजतो ते नेमके त्याच गोष्टीचे.

मुलाने बघितलेली जाहिरात मी उघडून बघितली. ती नंबर ४ मार्क १ (टी) आहे, ली-एनफील्डमधलीच स्नायपर रायफल. दुसऱ्या महायुद्धात निवडक नंबर ४ रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवून त्यांना दुर्बीण बसवली जायची, आणि जाहिरातीतल्या रायफलला दुर्बीण, तिचा ब्रॅकेट, लाकडी पेटी, सगळ्यावरचे नंबर जुळतात. म्हणून हजारांत डॉलर. साधी मार्क ३ ली-एनफील्ड लाखोंनी बनली, ती तिकडे शेकड्यांत विकली जाते. आणि साडेनऊ हजार हा मागितलेला भाव आहे, विकला गेलेला नाही. जुन्या वस्तूचा भाव बघायचा तर संपलेल्या लिलावांचे आकडे बघायचे, त्यातही खरेदीदाराकडून वर प्रीमियम घेतात आणि विकणाऱ्याकडून कमिशन कापतात, म्हणजे छापलेला आकडा आणि विकणाऱ्याच्या हातात पडलेला आकडा यात चांगलंच अंतर असतं.

खरी लष्करी रायफल असती तरी क्रम असाच असता: आधी नेमकं मॉडेल, फॅक्टरी आणि साल, मग बोल्ट आणि बॉडीवरचे नंबर जुळतात का, मग नळीच्या आतल्या रेघा किती शिल्लक आहेत, मग लाकूड आणि फिनिश मूळचं आहे का. नकली माल भरपूर आहे, खैबरच्या बाजूला हाताने बनवलेल्या नकलांवर राणी व्हिक्टोरियाचा व्ही.आर. शिक्का आणि खाली १९०७ असं साल सापडतं, राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली. तुम्ही लिहिलंय की मुलाने लाकूड पॉलिशपेपरने घासून नवं वॉर्निश मारलं, "आता चकाचक दिसते". संग्राहकाच्या लेखी तिथेच भाव पडतो. मुलाला रागावू नका, त्याने प्रेमानेच केलंय, पण यापुढे कुणाला हात लावू देऊ नका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो भाव तुम्हाला मिळणारच नाही. कांद्याला निर्यातबंदी असते तेव्हा बाहेरच्या देशातला भाव जुन्नरच्या शेतकऱ्याच्या काय कामाचा, तसंच हे. रायफल तुम्ही अमेरिकेतल्या माणसाला पाठवू शकत नाही, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी निघाली असती तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निर्यातीवर वेगळी बंदी लागली असती. तुमचा खरेदीदार म्हणजे इथला डीलर किंवा .३१५ चं लायसन हातात असलेला माणूस, बास. त्याला परस्पर द्यायची तर पोलिसांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं. हा माणूस इतिहास विकत घेत नाही, तो चालणारी रायफल घेतो आणि फॅक्टरीच्या नव्या रायफलच्या किमतीशी तुलना करतो. त्यात जमा केलेलं हत्यार ठरलेल्या मुदतीत विकलं नाही किंवा नावावर केलं नाही तर सरकारजमा होऊ शकतं हे डीलरला पक्कं माहीत असतं, त्यामुळे घासाघीस तुमच्याच अंगावर येते. दोन डीलरकडून लेखी ऑफर घ्या, त्यातली मोठी ऑफर हाच तुमचा बाजारभाव. माझ्या कागदावर मी शून्य लिहितो, काही आलं तर तेवढं वर.

म्हणजे ८ लाख गेले, आणि म्हणूनच मला पत्रातल्या शेवटच्या तीन ओळींची काळजी जास्त आहे, त्या तुम्ही जाता जाता लिहिल्यात. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४६ लाख आले. मुलीचं लग्न आणि फ्लॅटचं उरलेलं कर्ज यात २० गेले. बँकेतल्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) "एफडीसारखंच आहे, गॅरंटीड दीडपट" म्हणून पॉलिसी दिली, वर्षाला ४ लाख, ७ वर्षं भरायचे, १२ वर्षांच्या शेवटी ४२ लाख. दोन हप्ते गेले, तिसरा दोन महिन्यांवर आलाय. एफडीत १८ लाख उरलेत.

हिशोब बघा. अजून ५ हप्ते, ४ लाखांचे, म्हणजे २० लाख. तुमच्याकडे सगळे मिळून १८. सगळी एफडी मोडून ओतली तरी हप्ते पूर्ण होत नाहीत. आणि घरखर्च महिना ३२ हजार आहे, मुलगा १५ देतो, ईपीएस पेन्शनचे ३, एफडीचं व्याज साडेदहा, झाले साडेअठ्ठावीस, म्हणजे हप्ता बाजूला ठेवला तरी साडेतीन हजार आत्ताच कमी पडतायत. रिटायर माणसाची जमा बघून, पुढे पगार येणार नाही हे माहीत असून, सात वर्षं ४ लाख भरायची पॉलिसी त्याच्या गळ्यात मारणाऱ्या माणसाबद्दल मला खरंच संताप येतो, आणि अशी पत्रं थांबत नाहीत.

दीडपट ऐकायला छान वाटतं. २८ चे ४२, पण पैसे सरासरी ९ वर्षं अडकतात, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम सध्या ८.२ देते, सरकारी, व्याज दर तीन महिन्यांनी हातात. तुम्ही म्हणाल झालं ते झालं, इथून पुढे भरलं तर? पुढचे २० लाख भरून साधारण ३० जास्त मिळणार, तेही सरासरी ८ वर्षांनी, म्हणजे पाच टक्के. तरीही नाही परवडत.

मग तिसरा हप्ता भरू नका. त्याआधी कंपनीला, बँकेला नाही, कंपनीला, लेखी मेल करा आणि दोन आकडे मागा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती, आणि पेडअप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर तशीच ठेवली, तर १२ व्या वर्षी किती. ढोबळ मानाने पेडअपमध्ये ४२ चे दोन सप्तमांश, १२ लाख, १० वर्षांनी मिळतील, प्रत्यक्षात कमी असू शकतात म्हणून लेखी आकडा हवा. साडेसात टक्क्यांनी १० वर्षांनंतरच्या १२ लाखांची आजची किंमत पावणेसहा-सहा लाख होते. सरेंडरचा आकडा त्याच्या वर असेल तर सरेंडर करा, खाली असेल तर पेडअप करून विसरून जा. जुन्या नियमाने दुसऱ्या वर्षात भरलेल्याच्या ३० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि तिसऱ्या वर्षात ३५ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार, ही किमान हमी असायची. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम ग्राहकाच्या बाजूने सुधारलेत, म्हणून पॉलिसी नक्की कधीची आहे ते बघा. पेडअपची अट तुमच्या कागदात दोन हप्त्यांनंतर आहे ना, तेही मेलमध्ये विचारून घ्या.

सोबत तक्रारही करा. एफडी सांगून विमा विकला, उत्पन्न विचारलं नाही, आरएमचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर जोडा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. फ्री-लूकची, म्हणजे घेतलेली पॉलिसी परत करायची, मुदत संपली म्हणून पैसे पूर्ण परत येतील असं मी म्हणत नाही, पण अर्जाला खर्च काही नाही.

१८ लाखांपैकी ३ बचत खात्यात आणि छोट्या एफडीत ठेवा, १५ सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, मुदतीआधी एफडी मोडायला दंड किती ते आधी विचारा. १५ वर ८.२ म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार, म्हणजे १८ लाखांच्या एफडीतून जेवढं येत होतं जवळपास तेवढंच, आणि ३ लाख हाताशी मोकळे. साडेतीन हजारांचा खड्डा उरतो, त्याबद्दल मुलाशी सरळ बोला, आठ लाख येणार म्हणून जे बोलणं पुढे ढकललंत तेच हे. कंपनीचा मेडिक्लेम रिटायरमेंटला संपला असणार आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही. तुम्हा दोघांचा घ्या, हप्ता जड वाटेल, मुलाला तो भरायला सांगा, ते त्याच्याही फायद्याचं आहे.

एक राहिलं, पॉलिसीचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. ते मॅन्डेट ब्रँचमध्ये लेखी अर्ज देऊन हप्त्याच्या तारखेआधी बंद करा आणि पोच घ्या, आरएम म्हणेल फोनवर सांगितलं तरी चालतं, चालत नाही. सरेंडर आणि पेडअपचे दोन आकडे आले की मला पाठवा, पॉलिसीच्या पहिल्या पानाच्या फोटोसकट.