थायरॉईडमुळे डोळे पुढे आले तर पडद्याचा रक्तपुरवठा कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला ग्रेव्हजचा थायरॉईड आहे (शरीराच्याच अँटीबॉडीजमुळे थायरॉईड जास्त काम करतो तो आजार), डोळे पुढे आलेत आणि ओसीटी अँजिओग्राफीच्या, म्हणजे डोळ्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या स्कॅनच्या, रिपोर्टवर ‘व्हेसल डेन्सिटी कमी’ (वाहिन्यांची टक्केवारी कमी) असं आलंय. पडद्याचं (रेटिनाचं) रक्त आटतंय का, नजर जाईल का, हा तुमचा प्रश्न. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, 11 वर्षं हेच स्कॅन काढतेय. म्हणून आधी स्कॅनबद्दलच सांगते. निम्मी भीती तिथूनच आलेली असते.

हे मशीन रक्त किती वाहतंय ते मोजत नाही. पडद्याच्या एकाच जागेची पाठोपाठ चित्रं घेतं आणि त्यांत कुठे हालचाल दिसते ते पाहतं. हलतात त्या रक्तपेशी, म्हणून तिथे केशवाहिनी आहे असं धरतं. डोळे पुढे आले की पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं आणि चित्र धूसर येतं. धूसर चित्रात बारीक वाहिन्या हरवतात आणि टक्केवारी घसरते. त्यात डोळा हलवणारे स्नायू आखडलेले असले तर नजर एका जागी धरणंही जड जातं. बहुतेक रिपोर्टवर सिग्नलचा दर्जा छापलेला असतो, तो पाहा. मी अशा पेशंटच्या डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून, चार वेळा पापण्या मिटायला लावून मगच स्कॅन घेते. कित्येकदा तेवढ्यानंच आकडा सुधारतो.

आता खरा रक्तप्रवाह. या आजारात बिघाड पडद्यात नसतो, डोळ्यामागे असतो. हाडांची खोबण साधारण 30 मिलिलिटरची, त्यात डोळा 7 मिलिलिटरचा, बाकी जागेत स्नायू, चरबी, डोळ्याची नस (दिसलेलं मेंदूकडे नेणारा मज्जातंतू) आणि रक्तवाहिन्या. थायरॉईडवर उठलेल्या अँटीबॉडीज खोबणीतल्या पेशींनाही चेतवतात. स्नायू सुजतात, चरबी वाढते, पाणी साचतं. हाड काही ताणत नाही, मग आतला दाब वाढतो.

या दाबाला आधी बळी पडते ती शीर. धमनीत रक्त जोरानं येतं, शिरेत दाब कमी आणि भिंत पातळ. खोबणीतून रक्त बाहेर नेणारी वरची मोठी शीर सुजलेल्या स्नायूंच्या गर्दीतूनच मागे जाते. ती दबली की डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) तिचा प्रवाह मंदावलेला दिसतो, आणि गर्दी फारच असली तर उलटाही. सकाळी उठल्यावर पापण्या जास्त सुजलेल्या आणि डोळे लाल असतात, त्यात याचा मोठा वाटा आहे: रात्रभर आडवं झोपल्यानं निचरा आणखी संथ होतो. उशाला उंची द्यायला सांगतात ते यासाठीच. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: अडचण बहुतेकदा रक्त येण्यात नसते, परत जाण्यात असते.

पडद्यामागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर असतो. निचरा तुंबला की तो फुगतो. आजार भरात असताना स्कॅनमध्ये तो जाड झालेला अनेकांनी नोंदवलाय. पडद्याच्या आतल्या केशवाहिन्यांबद्दल मात्र अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. काहींना त्या दाट दिसल्या, काहींना विरळ. आजार कोणत्या टप्प्यात आहे त्यावर बरंच अवलंबून असावं. म्हणून एका रिपोर्टवरच्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, असं मी ठामपणे सांगते. त्याच आठवड्यातला थायरॉईडचा रिपोर्टही डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडचं हार्मोन वाढलेलं असताना हृदय जोरात चालतं, त्याचा परिणाम डोळ्यातल्या प्रवाहावरही होतो.

मला काळजी असते ती डोळ्याच्या नसेची. खोबणीच्या टोकाला, जिथे जागा सगळ्यात अरुंद, तिथे सुजलेले स्नायू नस दाबतात. थायरॉईडमुळे डोळ्यांना आजार झालेल्या शंभरातल्या साधारण 5 जणांना हे होतं. नस अशी दबली की तिच्याभोवतीच्या केशवाहिन्याही विरळ होताना दिसतात, आणि त्या वेळी तो आकडा गंभीरपणे घ्यायचा. डोळे खूप पुढे आलेत म्हणजे धोका जास्त, असं मात्र नाही. डोळा पुढे सरकला तर मागची गर्दी थोडी तरी मोकळी होते; जो पुढे सरकत नाही त्याची नस कधीकधी जास्त दबते.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. डोळे जेमतेम पुढे, तक्ता वाचणं जवळजवळ पूर्ण. फक्त म्हणाल्या, “उजव्या डोळ्यानं कुंकू विटकरी दिसतं.” त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले, पुरेसा फरक पडेना तेव्हा खोबणीचं हाड थोडं काढून जागा केली. महिन्याभरानं त्या कुंकवाची डबी घेऊनच आल्या. रंग परत आला होता. मला तो दिवस अजून आठवतो.

तुमच्या बहिणीलाही लाल वस्तू आळीपाळीनं एकेका डोळ्यानं बघायला सांगा. दोन्ही नसा सारख्याच दबल्या असतील तर हा फरक कळणार नाही, म्हणून रंग ओळखण्याच्या पानांची चाचणी आणि व्हिज्युअल फील्ड (नजरेच्या कडेपर्यंत किती दिसतं ती तपासणी) दवाखान्यात करून घ्याच. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद. ओढणाऱ्यांत हा आजार जास्त चिघळतो आणि औषधाला कमी दाद देतो. आणि लाल रंग फिका वाटला, किंवा नजर अचानक अंधुक झाली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.