सिअ‍ॅटलमध्ये घराचं काम करून घेताना कॉन्ट्रॅक्टरचा ‘बाँड’ किती कामाचा?

बाँड म्हणजे विमा नव्हे; कॉन्ट्रॅक्टरने काम बुडवलं तर ठरावीक रकमेपर्यंत भरपाई देण्याची ती एका शुअरिटी (म्हणजे हमी देणाऱ्या) कंपनीची हमी असते. वॉशिंग्टन राज्यात जुलै 2024 पासून जनरल कॉन्ट्रॅक्टरला 30,000 डॉलरचा, तर एकाच प्रकारचं काम करणाऱ्याला 15,000 डॉलरचा बाँड लागतो. ही रक्कम सगळ्या दावेदारांत मिळून असते. स्वयंपाकघर अर्धवट सोडून पळालेल्याने चार जणांना बुडवलं असेल, तर तुमच्या वाट्याला फार येत नाही! शुअरिटी कंपनी पैसे देते आणि नंतर कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करते. घरमालकाला काम संपल्यापासून किंवा सोडून दिल्यापासून दोन वर्षांत सुपीरियर कोर्टात दावा लावावा लागतो.

आगाऊ रक्कम देण्याआधी राज्याच्या कामगार व उद्योग खात्याच्या साइटवर नोंदणी चालू आहे का आणि बाँडवर आधीचे दावे आहेत का, ते बघा. करारातलं नाव नोंदणीशी जुळलंच पाहिजे.