आधी तिचं मनगट दाखवा, अमेरिकेचं नंतर बघू

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावीत, टेनिसमध्ये राज्य पातळीवर खेळते. अमेरिकेत आता कॉलेजंच खेळाडूंना पैसे देतात असं वाचून त्यांनी प्लॉट विकायला काढलाय आणि विचारलंय, पगार देणारं कॉलेज कसं गाठायचं?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. खर्चाचा हिशोब नीट मांडलाय, पण मी अडकले ते मधल्याच एका वाक्यावर, "बॅकहँडला डावं मनगट दुखतं म्हणते, पण ते प्रॅक्टिस टाळायचे बहाणे." अहो, जी पोरगी चार वर्षं पहाटे साडेचारला उठून तुमच्या स्कूटरवर मागे बसून कोर्टवर जातेय ती आत्ताच बहाणे का करेल? वर तुम्ही तिला सांगून ठेवलंय की दोन वर्षं दम काढ, मग कॉलेज पगार देईल आणि प्लॉटचे पैसे निघतील. म्हणजे सर्व्हिस करताना पण तिच्या डोक्यात तो प्लॉटच. मला याचा खरंच राग आला. एवढ्या लांबलचक पत्रात तिला स्वतःला काय हवंय याची एक ओळ नाही.

आता पगाराचं. जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने हाऊस खटल्यातली (खेळाडूंनी कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्याविरुद्ध लढलेला खटला) तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, हे खरंय. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. पण देऊ शकतात म्हणजे द्यायलाच हवेत असं नाही, आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलला, मग मुलांच्या बास्केटबॉलला, कारण टीव्हीचा पैसा तिथूनच येतो. मर्यादा सगळ्यांना सारखी असली तरी तेवढा पैसा मोठ्या कॉलेजांकडेच आहे, शिवाय त्यांच्या खेळाडूंना बाहेरून जाहिरातींचे करार मिळतात ते वेगळेच, आणि लहान कॉलेजं त्यांच्या मागे धावताना कात्री लावतात ती टेनिससारख्या खेळांना, काहींनी तर टेनिसची टीमच बंद केली. कमी कमाईच्या खेळांसाठी वाटा राखून ठेवल्याशिवाय ही सुधारणा अर्धवटच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तुमची मुलगी जाणार एफ-१ स्टुडंट व्हिसावर, त्यावर कमाईला कडक बंधनं असतात, चुकलं तर व्हिसाच धोक्यात. तो पगार हिशोबातून आजच काढून टाका.

स्कॉलरशिप मात्र खरी आहे. आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मन अमेरिकेतल्या व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळला, २००७ आणि २००८ ला कॉलेज टेनिसचा सिंगल्स चॅम्पियन झाला, तेव्हा तर पगार द्यायची परवानगीच नव्हती. अशा ठिकाणी मिळतं ते शिक्षण, चांगले कोच आणि भरपूर मॅचेस, तेही कमी नाही. त्यासाठी युटीआर रेटिंग (मॅचच्या निकालांवरून खेळाडूची पातळी सांगणारा आकडा), मॅचचे व्हिडिओ, मार्क आणि इंग्रजीची परीक्षा लागते, कोचना ईमेल तिने स्वतः करायचे.

पण हे सगळं नंतर. प्लॉटचा व्यवहार थांबवा, या आठवड्यात तिला ऑर्थोपेडिककडे न्या आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस रॅकेट बॅगेत राहू द्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.