फ्रीमॉन्टला येताय? मग गणपतीपर्यंत थांबू नका

ताई, तुमचं पत्र सावकाश वाचलं. मिस्टरांचा एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) मंजूर झालाय, तुम्ही आणि मुलगी एच-४ वर (त्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला येणार, मुलगी आत्ताच बारावी सायन्स झाली, आणि तुम्ही स्वतः बीकॉम करून नाशिकला सहकारी बँकेत बरीच वर्षं काढलीत. मुलीला कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात जाता येतं अशा सरकारी कॉलेजात, घालायचं जवळजवळ ठरलंय. प्रश्न एवढाच, की उन्हाळ्यात कॉलेज बंदच असणार, मग जूनमध्ये घाई कशाला. गणपती करून सप्टेंबरात निघालं तर चालेल का?

माझं म्हणाल तर जूनमध्येच या. या वर्षीचा गणपती घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा. मी ईस्ट बेमधल्या, म्हणजे फ्रीमॉन्टच्याच भागातल्या, एका कम्युनिटी कॉलेजच्या अॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्समध्ये, म्हणजे प्रवेशाच्या खिडकीवर, बरीच वर्षं काम करते आहे. मीसुद्धा एच-४ वरच आले होते. उन्हाळ्यात या खिडकीवर काय काय ठरतं ते रोज बघते, म्हणून इतक्या आग्रहाने सांगते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. इथे मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही, कॅप राउंडही नाही. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत, आणि १९६० च्या मास्टर प्लॅनपासून त्यांचं धोरण हेच आहे की ज्याला शिकून फायदा होईल त्याला दार उघडं. त्यामुळे प्रवेश मिळेल की नाही ही चिंता करू नका. चिंता करायची ती तीन गोष्टींची: फी कोणत्या दराने लागणार, हवा तो वर्ग मिळणार का, आणि दोन-तीन वर्षांनी पुढच्या विद्यापीठात जायची वाट नीट आखलेली आहे का. या तिन्ही गोष्टींचा पाया जून ते ऑगस्टमध्ये घातला जातो.

फीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या तिकिटाच्या तारखेचा थेट संबंध तिथे आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. २०१२ पासून हा दर तोच आहे. बाहेरच्या विद्यार्थ्याला त्यावर युनिटमागे आणखी तीनशे डॉलरहून जास्त भरावे लागतात, नेमका आकडा प्रत्येक कॉलेजचा वेगळा. आता मुलीने गणित आणि इंग्रजी एवढेच दोन कोर्स घेतले, म्हणजे आठ-नऊ युनिट, तरी रहिवासी म्हणून साधारण चारशे डॉलर आणि बिगर-रहिवासी म्हणून तीन हजारांच्या आसपास. एका सेमिस्टरचे.

रहिवासी ठरायला टर्म (सत्र) सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण झालेला लागतो, आणि इथेच राहायचा इरादा कागदोपत्री दिसावा लागतो. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर कितीही वर्षं काढली तरी हे मिळत नाही, पण एच-४ वर मिळतं. आपल्या लोकांना हे बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून एच-४ हातात असताना उगाच एफ-१ करून घेऊ नका. एच-४ वर पूर्णवेळ शिकता येतं आणि एकच कोर्सही घेता येतो, बारा युनिटची सक्ती एफ-१ वाल्यांना.

आता तारखा मांडून बघा. सेमिस्टरवाली कॉलेजं, म्हणजे फ्रीमॉन्टचं ओलोनी, हेवर्डचं शॅबो, सांता क्लाराचं मिशन, ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात. तुम्ही वीस जूनला उतरलात, तर पुढच्या ऑगस्टला वर्ष आणि दिवस आरामात भरतो आणि मुलगी रहिवासी दराने बसते. गणपती करून सप्टेंबरात आलात, तर पुढच्या ऑगस्टला थोडक्यात हुकतं आणि अख्खं सेमिस्टर पुन्हा महागड्या दराने, थेट जानेवारीपर्यंत. कुपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही क्वार्टरवाली, म्हणजे छोट्या सत्रांची, कॉलेजं सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात, तिथे महिनाभर जास्त मिळतो, पण फ्रीमॉन्टहून रोज पूल ओलांडून किंवा ८८० हायवेच्या गर्दीतून जाणं मुलीला सोपं नाही.

नुसतं येऊन राहणंही पुरत नाही. पहिल्या महिन्यातच घरभाड्याच्या करारावर तुमचं नाव, बँकेत खातं, डीएमव्हीकडून (इथलं आरटीओ) मुलीचं स्टेट आयडी किंवा लायसन्स, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाचा कर रहिवासी म्हणून भरलेला, असा माग तयार करा. मुलगी अठराची होईपर्यंत आईवडिलांचे कागद बघतात, त्यानंतर तिच्या नावाचे. आणि वर्ष भरलं म्हणून संगणक आपोआप दर बदलत नाही. रेसिडेन्सी बदलायचा फॉर्म आणि पुरावे टर्मच्या आधी द्यावे लागतात. तो फॉर्म पुढच्या वर्षी जुलैत द्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे असे गठ्ठे येतात, आणि कागद अपुरा निघाला तर दुरुस्त करायला दिवस उरत नाहीत.

कॉलेज उन्हाळ्यात बंद असतं हा समज कुठून आला ते कळतं. मैदानं रिकामी असतात, बरेच प्राध्यापक नसतात. पण आमच्यासाठी हेच सगळ्यात कामाचे दिवस. जूनमध्ये आधीच्या टर्मचे गुण चढवायचे, पदव्या तपासायच्या, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाणाऱ्या मुलांचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणांचे उतारे) एक जुलैच्या आत पाठवायचे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात खिडकीवर बहुतेक लोक याच कामासाठी उभे असतात. तुमचं गुंतागुंतीचं काम तेव्हा आणू नका, जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात या. सोमवार ते गुरुवार. उन्हाळ्यात अनेक कॉलेजं शुक्रवारी बंद असतात, आधी वेळ बघून निघा.

एक जुलैला इथलं सरकारी आर्थिक वर्ष सुरू होतं. राज्यपाल जानेवारीत अंदाजपत्रक मांडतात, मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्याची सुधारित आवृत्ती येते, विधिमंडळाला ते पंधरा जूनपर्यंत मंजूर करायचं असतं. त्यावर प्रत्येक डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागातली कॉलेजं चालवणाऱ्या संस्थेचं, विश्वस्त मंडळ, जे लोकांनी निवडून दिलेलं असतं, जुलै उजाडायच्या आत तात्पुरतं अंदाजपत्रक करतं आणि पंधरा सप्टेंबरपर्यंत पक्कं. तुम्हाला हे का सांगते? कारण वर्ग वाढणार की कमी होणार हे त्याच दिवसांत ठरतं. ऑगस्टचं वेळापत्रक वसंतातच छापून झालेलं असतं, पण उन्हाळाभर डीन रोज नोंदणीचे आकडे बघतात. कॅल्क्युलसच्या वेटलिस्टवर पुरेशी नावं दिसली तर नवा वर्ग काढायचा प्रयत्न होतो, तात्पुरता प्राध्यापक शोधला जातो. एखाद्या वर्गात नावं कमी असली तर टर्म सुरू व्हायच्या थोडं आधी तो रद्द होतो. म्हणून जुलैत वेटलिस्टवर लावलेल्या नावाला वजन असतं. मुलीचं नाव लावून ठेवा, आणि पहिल्या तासाला तिला वर्गात बसायला पाठवा. जागा रिकामी झाली तर प्राध्यापक कोड देतात, आणि तो सहसा समोर बसलेल्याला मिळतो.

मंडळाच्या बैठका सगळ्यांसाठी खुल्या असतात. १९५३ च्या ब्राउन अॅक्टप्रमाणे नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावीच लागते. तुम्ही बँकेत ताळेबंद बघितलेत, तुम्हाला ते वाचायला जड जाणार नाही. मुलीच्या विषयाची प्रयोगशाळा चालू राहणार की नाही हे तिथे सगळ्यांच्या आधी कळतं.

नोंदणीचा क्रमही उन्हाळ्यातच कमवायचा असतो. ऑनलाइन अर्ज मोफत आहे आणि नाशिकहूनही भरता येतो. त्यानंतर ओरिएंटेशन, गणित-इंग्रजीची पातळी ठरवणं आणि काउन्सेलरबरोबर एज्युकेशन प्लॅन, ही तीन कामं झाली की नोंदणीची तारीख लवकरची मिळते. अर्ज भरल्यावर ओळख पटवायला सांगितलं तर घाबरू नका. सरकारी मदतीचे पैसे लाटायला खोटे अर्ज मोठ्या प्रमाणावर येतात, म्हणून सध्या सगळीकडेच कडक तपासणी आहे. त्यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात. काउन्सेलरपैकी काहींचा करार दहा महिन्यांचा असल्याने उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मोजक्याच असतात, तेव्हा भेट आधीच पकडा.

नावाचं बघा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. इथला कारकून पहिला शब्द पहिलं नाव म्हणून टाकतो, आणि मग अर्जावरची मुलगी आणि मार्कशीटवरची मुलगी संगणकाला दोन वेगळ्या वाटतात. अशी प्रकरणं माझ्या टेबलावर सतत येतात. अर्ज पासपोर्टवर जसं आहे अक्षरशः तसाच भरा, आणि मार्कशीट देताना आडनाव कोणतं ते चिठ्ठीवर लिहून सोबत लावा.

अभ्यासाच्या आखणीत गेल्या काही वर्षांत एवढे बदल झालेत की चार-पाच वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेल्या भाचे-पुतण्यांचा सल्ला तसाच्या तसा घेऊ नका. पूर्वी प्लेसमेंट परीक्षा देऊन मुलं दोन-दोन वर्षं उजळणीच्या गणितात अडकायची. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने ते थांबलं. आता शाळेचे गुण बघतात, परदेशातून आलेल्यांना मार्गदर्शक प्रश्नावलीवरून स्वतःची पातळी ठरवता येते. तुमच्या मुलीने बारावीला डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन केलंय, तिने सरळ पहिल्या कॅल्क्युलसला बसावं. खालच्या कोर्सपासून सुरुवात करून पैसे आणि वर्ष घालवू नका. शिवाय २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्टच्या सत्रापासून) काही मुख्य कोर्सना राज्यभर एकच क्रमांक आला. पहिल्या इंग्रजी लेखनाच्या कोर्सला आता सगळीकडे इंग्लिश सी १००० म्हणतात, त्यामुळे एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना वाद होत नाहीत. विद्यापीठात जाण्यासाठीचे सामान्य विषयही कॅल-जेटसी नावाच्या एकाच आराखड्यात आले, अकरा कोर्स, ३४ युनिट. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) एक यादी आणि कॅल स्टेटला (राज्याच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठांना) दुसरी, ही कटकट मिटली. आमच्याकडे या बदलांसाठी गेले कित्येक उन्हाळे कॅटलॉग, संगणक, जुन्या नोंदी सगळं नव्याने जुळवायचं काम चाललं आहे. मुलांचं वर्ष वाचतं, म्हणून मला या कामाचं मनापासून समाधान वाटतं.

यूसीच्या सहा कॅम्पसवर टॅग नावाची प्रवेशाची हमी मिळते: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला नाही, आणि सहातल्याही काही ठिकाणी काही विषय वगळलेले असतात. या हमीचा अर्ज सप्टेंबरमध्ये, म्हणजे विद्यापीठात जायच्या जवळजवळ वर्षभर आधी. काउन्सेलरकडे जाताना असिस्टच्या साइटवरून (इथला कोणता कोर्स कोणत्या विद्यापीठात धरतात ते तिथे दिसतं) मुलीच्या विषयाचा तक्ता काढून न्या.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्या वर्षी दर टर्मला कॅल्क्युलसच्या साखळीतला कोर्स आणि त्याच्या जोडीला एक, एवढंच घेतलं असतं, आणि रहिवासी दर लागला की पूर्ण भार. पण तिच्या वयाचं गणित विसरू नका. एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. त्यानंतर एफ-१ करावा लागेल, आणि त्यावर विद्यापीठात रहिवासी दर मिळत नाही. ती सतरा पूर्ण आहे म्हणता, म्हणजे फार रेंगाळायला वाव नाही. इमिग्रेशन वकिलाची एक भेट पहिल्याच वर्षी घ्या.

तुमच्या स्वतःबद्दल: एच-४ वर काम करता येत नाही, मिस्टरांचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला की ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मागता येतो. तोवर अकाउंटिंगची सर्टिफिकेट करून ठेवा. संध्याकाळचे, ऑनलाइन भरपूर वर्ग असतात, आणि कर भरण्याचे इथले नियम शिकलेल्या माणसाला दर जानेवारीत मागणी असते.

निघण्याआधी एवढं करा. मुलीच्या दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि बारावीचा गणित-भौतिकचा अभ्यासक्रम छापून घ्या. तुमचे बीकॉमचे ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून बंद पाकिटांत, दोन-तीन प्रती. इथून ते मागवायला महिने जातात. ती पाकिटं उत्सुकतेने फोडू नका, सील तुटलं की आम्हाला घेता येत नाहीत. इथे आल्यावर मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला कोर्सवार अहवाल हवा असं सांगा, नुसत्या पदवीच्या समकक्षतेच्या अहवालावर युनिट मिळत नाहीत. लसीकरणाचे कागद, विशेषतः टीबीच्या चाचणीचा निकाल, हातातल्या बॅगेत ठेवा. आणि तिकीट काढलंत की तारीख मला कळवा, वर्ष आणि दिवसाचा हिशोब कोणत्या कॉलेजला कसा बसतो ते मी तुम्हाला मांडून देते.